टेप हातात घ्या आणि अपूर्णांक शिका: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार

छाती साडेचौतीस. तिचा चौथा भाग किती?

शिवणक्लासच्या पहिल्या महिन्यात मी या प्रश्नाचं उत्तर ‘नऊ’ असं लिहिलं होतं. चौतीसचा चौथा भाग साडेआठ, हे मला येत होतं. वरचा जो अर्धा उरला तो मी तसाच्या तसा जोडून टाकला. कापड कापलं, मावशीसाठी ब्लाउज शिवला, आणि तो अंगात दीड इंच सैल झाला. बाईंनी ब्लाउज उलटसुलट करून बघितला, माझी वही बघितली आणि म्हणाल्या, “चौतीस इंच चौघांत वाटलेस, मग या अर्ध्याने काय पाप केलं होतं?”

दहावीला गणितात मी काठावर पास झालेली. त्या रात्री मुलाचं पाचवीचं गणिताचं पुस्तक काढून बसले. पुढचे दोन-तीन महिने त्याच्या आधी माझा गृहपाठ व्हायचा. आता मी घरीच शिवण शिकवते, आणि दर बॅचला बघते की कापड कापायला कुणी घाबरत नाही, घाबरतात ते अपूर्णांकाला. पदवी झालेल्या मुलीसुद्धा. हा लेख त्यांच्यासाठी लिहिला आहे. मुलांचा अभ्यास घेणारे आईबाप आणि भरतीच्या परीक्षेला बसणारी मंडळी यांनाही तो तितकाच चालेल, कारण नियम सगळ्यांना एकच आहेत.

काय काय लागेल

- शिंप्याची टेप. साठ इंचांची, पिवळी-पांढरी कुठलीही. एका इंचाचे किती भाग केलेत ते आधी मोजा. बहुतेक टेपवर आठ असतात, काहींवर सोळा.
- चौकटीची वही, शिसपेन्सिल, खोडरबर. पेन नको, खाडाखोड बघून आपलाच धीर जातो.
- त्याच वहीच्या पानातून कापलेल्या, २४ चौकटी लांबीच्या चार-पाच पट्ट्या. एका पानात चोवीस चौकटी बसत नसतील तर दोन तुकडे चिकटवा. चोवीसच का, ते पुढे कळेल.
- बारापर्यंतचे पाढे. हे नसतील तर आधी ते. यातून सुटका नाही.

कॅल्क्युलेटर सध्या लांब ठेवा. त्याची पाळी शेवटी.

१. आधी खालचा आकडा वाचा

आपण ३/८ हे ‘तीन छेद आठ’ असं वाचतो आणि डोळ्यांना दोन वेगवेगळे आकडे दिसतात. सगळ्या गोंधळाची सुरुवात तिथेच होते. खालचा आकडा, म्हणजे छेद, हे वाट्याचं नाव आहे. वरचा, म्हणजे अंश, हे त्या नावाचे वाटे किती ते सांगतो. ३/८ म्हणजे ‘आठवा’ नावाची वस्तू, तीन नग.

माझे सासरे सुतारकाम करायचे. सुतार, गवंडी, लोखंडाचं काम करणारे लोक इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. दुकानात ‘तीन सुताची सळई’ मागितली की ३/८ इंचाची मिळते. सासऱ्यांना अपूर्णांक येतात का असं विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, पण तीन सूत अधिक दोन सूत पाच सूत हे झोपेतही सांगितलं असतं. ३/८ + २/८ = ५/८ हे गणित त्यापलीकडे काहीही नाही. सूत तेच राहिलं, नग वाढले.

टेपवर पाहा. इंचाच्या मधोमध सर्वांत लांब रेघ, ती अर्ध्याची. तिच्या दोन्ही बाजूंना जरा आखूड रेघा, त्या पाव आणि पाऊणच्या. सगळ्यांत बारक्या रेघा सुताच्या. एकदा बोट ठेवून मोजा: एक सूत, पाव, तीन सूत, अर्धा, पाच सूत, पाऊण, सात सूत, एक इंच. मोठ्याने म्हणा. माझ्या क्लासला पहिला दिवस एवढ्यातच जातो.

इथली फसगत: छेद मोठा म्हणजे वाटा मोठा असं वाटतं. १/८ पेक्षा १/१६ लहान असतो. एक पोळी आठ जणांत वाटली काय आणि सोळा जणांत वाटली काय, कुणाच्या पानात किती पडेल ते सांगायला नको.

(आणि आपला सातबारा हा अपूर्णांक नव्हे! गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र म्हणून तसं लिहितात. एका मुलीने मला हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं.)

२. जे तोंडात आहे ते कागदावर आणा

मराठी माणूस अपूर्णांकात कच्चा असूच शकत नाही. आपण दिवसभर तेच बोलतो: पाव १/४, अर्धा १/२, पाऊण ३/४, सव्वा १ १/४, दीड १ १/२, अडीच २ १/२. जुन्या पिढीने तर शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केलेली असायची. औट म्हणजे साडेतीन, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा चार आणे म्हणजे पाव आणि बारा आणे म्हणजे पाऊण हा हिशेब रोजचाच. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, तरी पंचवीस पैशांना ‘चाराणे’ म्हणणं पुढची कित्येक वर्षं चालूच राहिलं.

सव्वाशे म्हणजे किती? १२५. म्हणजे तुम्ही १ १/४ ला १०० ने गुणलंत. पाऊणशे ७५, अडीच हजार २५००. अपूर्णांकाचा गुणाकार तुम्ही भाजी घेताना करत आला आहात, फक्त कागदावर मांडलेला नाही.

दोन जागा जपा. ‘पावणे’ हा शब्द पुढच्या आकड्यातून पाव काढतो. पावणेतीन म्हणजे २ ३/४. क्लासमध्ये दरवेळी कुणीतरी ३ ३/४ लिहिते, आणि बाही एक इंच लांब होते. दुसरं, ‘साडे’ तीनपासून सुरू होतो. त्याआधी दीड आणि अडीच आहेत. ज्यांचं शिक्षण इंग्रजीतून झालंय त्यांनी ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

३. एकच माप, वेगवेगळी रूपं

आता चोवीस चौकटींची पट्टी घ्या. मधोमध दुमडा, अर्ध्यात बारा चौकटी येतील. म्हणजे १/२ आणि १२/२४ एकच. अजून एकदा दुमडा, पाव म्हणजे सहा चौकटी. दुसरी पट्टी तीन भागांत दुमडा, प्रत्येकात आठ. चोवीसला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा या सगळ्यांनी भाग जातो, म्हणून ही पट्टी.

२/३ मोठा की ५/८? नुसतं बघून सांगता येत नाही. पट्टीवर २/३ म्हणजे १६ चौकटी, ५/८ म्हणजे १५. झालं. याला पुस्तकात सममूल्य अपूर्णांक म्हणतात. अंश आणि छेद दोघांना एकाच संख्येने गुणलं किंवा भागलं तर किंमत तीच राहते. गुणलं किंवा भागलं, एवढंच. दोघांत एकच संख्या *मिळवली* तर किंमत बदलते: १/२ च्या वर-खाली एकेक मिळवून पाहा, २/३ होतात.

उत्तर नेहमी लहान रूपात आणावं. १२/८ आलं तर दोघांना चारने भागा, ३/२. अंश आणि छेद यांचा मसावि, म्हणजे दोघांना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या, काढून एकदम भागलं तर एका दमात होतं. मसावि आठवत नसेल तर दोनने, तीनने, पाचने भागत बसा. उशीर लागेल, उत्तर तेच येईल.

सगळ्यात जास्त लागणारी कृती मात्र पुढची. पूर्णांकयुक्त अपूर्णांक साध्या रूपात आणणं. ३४ १/२ घ्या. एका इंचात दोन अर्धे, म्हणून ३४ इंचांत ६८ अर्धे, आणि वरचा एक: ६९/२. कृती अशी: पूर्णांक गुणिले छेद, अधिक अंश, खाली तोच छेद. उलट जायचं तर भागाकार करायचा. ६९ ला २ ने भागा, भाग ३४, बाकी १.

गुणाकार-भागाकाराच्या आधी हे करायचंच. बेरीज-वजाबाकीत नाही केलं तरी चालतं. माझा ब्लाउज सैल झाला तो ही पायरी गाळल्यामुळे.

४. बेरीज

छेद सारखे असतील तर अंशांची बेरीज करा, छेद तसाच ठेवा. सूत अधिक सूत, सूतच.

छेद वेगळे असतील तर आधी दोघांना एकाच नावावर आणा. ३/८ + १/४ मध्ये पाव म्हणजे दोन सूत हे टेपवर दिसतंच, म्हणून ३/८ + २/८ = ५/८.

टेपवर न दिसणारे छेद आले की लसावि काढायचा. १/६ + ३/८ घ्या. सहाचा पाढा आणि आठचा पाढा पहिल्यांदा चोवीसवर भेटतात. १/६ म्हणजे ४/२४, ३/८ म्हणजे ९/२४, बेरीज १३/२४. लसावि सुचला नाही तर छेदांचा सरळ गुणाकार घ्या, ४८. मग ८/४८ + १८/४८ = २६/४८, आणि लहान रूप पुन्हा १३/२४. रस्ता लांबचा, पण पोचतो. परीक्षेत वेळ कमी असतो म्हणून लसावि शिकायचा, एरवी घाबरायचं कारण नाही.

इथली फसगत जुनी आणि पक्की आहे: वरची वरच्याशी, खालची खालच्याशी बेरीज. १/२ + १/४ = २/६. म्हणजे १/३. अर्ध्या इंचात पाव इंच मिळवला आणि माप अर्ध्यापेक्षा कमी झालं! उत्तर टेपवर धरलं असतं तर लगेच कळलं असतं. म्हणून माझा एक नियम आहे. कागदावर गणित मांडण्याआधी तोंडाने अंदाज सांगायचा. अर्धा नि पाव, पाऊण होणार. मग कागद काहीही म्हणो.

पूर्णांकयुक्त असतील तर पूर्णांक वेगळे, अपूर्णांक वेगळे मिळवा. ८ ५/८ + १ १/२ = ८ ५/८ + १ ४/८ = ९ ९/८. इथे थांबू नका. नऊ सुतांत एक पूर्ण इंच दडलेला आहे. उत्तर १० १/८.

५. वजाबाकी

सगळे नियम बेरजेचेच. अडचण फक्त हातच्याची, पण ती अशी की निम्मा वर्ग तिथे पडतो.

कापडाची ७ १/४ इंचांची पट्टी उरली आहे, त्यातून गळ्यासाठी २ ५/८ काढायची. समच्छेद केलं, म्हणजे छेद सारखे केले: ७ २/८ − २ ५/८. दोन सुतांतून पाच सूत जात नाहीत.

पहिली चूक: “मग पाचातून दोन काढू.” उत्तर ५ ३/८. सात इंचांच्या पट्टीतून अडीच इंचांहून जास्त काढलं, साडेचारच्या आसपास उरायला हवं. पाचाच्या वर गेलं की अंदाजानेच कळतं, हे खोटं.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. हातचा घेतला, पण दहाचा घेतला. साध्या वजाबाकीत हातचा दहाचा असतो, हाताला तीच सवय. मग सातचे सहा झाले आणि दोनाचे बारा. पण इथे मोडला तो एक इंच, आणि इंचात दहा सूत नसतात, आठ असतात. म्हणून दोनाचे दहा होतात: ६ १०/८ − २ ५/८ = ४ ५/८. छेद तीन असेल तर हातचा तीनाचा, बारा असेल तर बाराचा. घड्याळात तास मोडला तर साठ मिनिटं मिळतात, तसंच.

हातच्याचा वैताग येत असेल तर दोन्ही अपूर्णांक साध्या रूपात घ्या: ५८/८ − २१/८ = ३७/८ = ४ ५/८. हातचा लागतच नाही. आकडे मोठे होतात इतकंच. मी अजूनही घाईत असले की हाच रस्ता घेते.

६. गुणाकार

गंमत अशी की गुणाकार बेरजेपेक्षा सोपा आहे. समच्छेद नाही, लसावि नाही. वरचे वरच्याशी गुणा, खालचे खालच्याशी. बेरजेत जी चूक होती ती इथे नियम आहे, म्हणूनच दोन्हींची गल्लत होते.

चिन्हाकडे बघून अर्थ लागत नसेल तर ‘गुणिले’च्या जागी ‘चा’ म्हणा. १/२ × ३/४ म्हणजे पाऊणचा अर्धा. पट्टीवर पाऊण म्हणजे १८ चौकटी, त्याच्या अर्ध्या ९. आणि ९/२४ चं लहान रूप ३/८. कागदावर: (१ × ३)/(२ × ४) = ३/८. जुळलं. गुणाकार करून उत्तर लहान झालं म्हणून दचकू नका. पावाचा अर्धा हा पावापेक्षा लहानच असणार. जुनी माणसं पावशेराच्या अर्ध्याला नवटाक म्हणत, म्हणजे शेराचा आठवा भाग. १/२ × १/४ = १/८.

काटछाट आधी केली तर आकडे आवाक्यात राहतात. ८/१५ × ५/१२ मध्ये ८ आणि १२ ला चारने भाग जातो, ५ आणि १५ ला पाचने. उरतं २/३ × १/३ = २/९. काटताना एक वरचा आणि एक खालचा, तिरपे असले तरी चालतात. दोन वरचे एकमेकांशी काटायचे नाहीत. आणि मध्ये अधिकचं चिन्ह असेल तर दोन अपूर्णांकांमधली ही तिरपी काटछाट अजिबात चालत नाही. हे वाक्य मी फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवते आणि पुसत नाही.

आता पूर्णांकयुक्त. अडीच मीटर कापड, मीटरला दीडशे रुपये. दीडशे म्हणजे १ १/२ शेकडा, म्हणून २ १/२ × १ १/२. एका विद्यार्थिनीने लिहिलं: दोन एके दोन, अर्ध्याचा अर्धा पाव, उत्तर सव्वादोन. म्हणजे सव्वादोनशे रुपये. दुकानदाराने पावणेचारशे मागितले आणि तिला वाटलं तो फसवतोय. तो बरोबर होता: ५/२ × ३/२ = १५/४ = ३ ३/४. तिने दोन मीटरचे शंभराच्या भावाने पैसे धरले, अर्ध्या मीटरचे पन्नासाच्या भावाने. दोन मीटरवरचे वरकड पन्नास-पन्नास आणि अर्ध्या मीटरचे शंभराच्या भावाचे पन्नास, असे दीडशे मध्येच कुठे गेले? म्हणून आधी साधं रूप, मगच गुणाकार.

७. भागाकार

नियम सगळ्यांना पाठ असतो: दुसरा उलटा करा आणि गुणा. का, ते कुणी सांगत नाही, त्यामुळे कधी पहिला उलटतो, कधी दोन्ही.

भागाकार म्हणजे ‘यात ते किती वेळा बसतं’. साडेचार मीटर कापड आहे, एका ब्लाउजला पाऊण मीटर लागतं. किती ब्लाउज? आधी एका मीटरचं बघा. एका मीटरमध्ये पाव मीटर चार वेळा बसतो. पाऊण मीटर हा पावाच्या तिप्पट, म्हणून तो चारच्या एकतृतीयांश वेळा, म्हणजे ४/३ वेळा बसतो. पाहा, ३/४ उलटा झाला. साडेचार मीटरमध्ये त्याच्या साडेचारपट: ९/२ × ४/३ = ३६/६ = ६. सहा ब्लाउज.

ज्याने वाटतो तो उलटतो, ज्याला वाटतो तो तसाच राहतो. हा नियम कुणा परीक्षकाने आपल्याला छळायला काढलेला नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे साधारण ११५० साली लिहिलेल्या ग्रंथात, भाजकाचा अंश आणि छेद यांची अदलाबदल करून गुणाकार करा असंच सांगितलेलं आहे. तेव्हाही लोक अडत असणार.

आता माझा साडेचौतीस. ३४ १/२ ÷ ४. चार म्हणजे ४/१, उलटा १/४. मग ६९/२ × १/४ = ६९/८ = ८ ५/८. मी कापलं होतं नऊ. प्रत्येक भागात तीन सूत जास्त, भाग चार: ३/८ × ४ = १२/८ = दीड इंच. मावशीच्या अंगावर हेच दीड इंच लोंबत होतं. बरोबर उत्तरात शिलाईसाठी दीड इंच माया मिळवली की १० १/८ वर खूण येते. ती बेरीज वर चौथ्या पायरीत केलीच आहे.

भागाकारातली एक फसगत मात्र चांगल्या-चांगल्यांना चकवते. कापड पाच मीटर असतं तर? ५ ÷ ३/४ = ५ × ४/३ = २०/३ = ६ २/३. सहा ब्लाउज झाले, आणि उरलं किती? पटकन उत्तर येतं, “२/३ मीटर”. कापून बघा. सहा ब्लाउजना साडेचार मीटर गेलं, उरला अर्धा मीटर. मग हा २/३ कसला? तो ब्लाउजचा. अर्धा मीटर म्हणजे एका ब्लाउजच्या कापडाचा दोनतृतीयांश. उत्तर ‘किती ब्लाउज’ याचं होतं, म्हणून त्यातला अपूर्णांकही ब्लाउजमध्येच येतो. मीटर हवे असतील तर त्याला पुन्हा ३/४ ने गुणा: २/३ × ३/४ = १/२. परीक्षेत पर्यायांमध्ये २/३ मीटर हमखास दिलेला असतो.

८. सगळं एकत्र आलं तर

कंचेभागुबेव. शाळेत घोकलेलं हे नाव कुठल्यातरी राक्षसाचं वाटायचं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. १/२ + १/४ × २/३ मध्ये आधी गुणाकार, १/६. मग १/२ + १/६ = ४/६ = २/३. डावीकडून सरळ सुटलात तर १/२ येतं, चूक.

‘चे’ला स्वतःची जागा आहे, तिचा मान ठेवा. ३ ÷ १/२ × ३ चं उत्तर १८. पण ३ ÷ १/२ चे ३ म्हटलं की आधी ‘अर्ध्याचे’ करायचं, ३/२, आणि मग ३ ÷ ३/२ = २. कुठे अठरा, कुठे दोन.

या शब्दात एक खोडही आहे. ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर येतो म्हणून बेरीज नेहमी आधी करायची असं मुलं समजतात. ३/४ − १/२ + १/४ मध्ये तसं केलं तर शून्य येतं. खरं उत्तर १/२. नुसती बेरीज-वजाबाकी उरली की डावीकडून उजवीकडे जायचं. भागाकार आणि गुणाकाराचंही तसंच.

९. आता कॅल्क्युलेटर काढा

३४.५ भागिले ४ केलं की तो ८.६२५ दाखवतो. टेपवर .६२५ कुठे शोधणार? दशांशचिन्हापुढचा भाग आठने गुणा: ०.६२५ × ८ = ५. पाच सूत. बस.

याची उलट चूक महाग पडते. ८.५ दिसलं की आठ इंच पाच सूत मोजणाऱ्या मी खूप पाहिल्या. ८.५ म्हणजे साडेआठ, आठ इंच *चार* सूत. एक-एक सूत चार ठिकाणी वाढलं की अर्धा इंच झाला.

आणि छेदात तीन, सहा, सात, नऊ आले की कॅल्क्युलेटरवर विसंबू नका. १/३ चे ०.३३३३ संपतच नाहीत. अशा वेळी शेवटपर्यंत अपूर्णांकातच राहा.

१०. हात बसवायला पाच गणितं

आधी अंदाज, मग कागद, मग टेप.

१) ५/८ + ३/४
२) ६ १/८ − ३ ३/४
३) पाऊण इंचाचा पाऊण
४) साडेसात मीटरमधून सव्वा मीटरचे किती तुकडे?
५) छाती ३६ ३/४. चौथा भाग?

उत्तरं: १ ३/८. २ ३/८. ९/१६ इंच. सहा तुकडे. आणि पाचवं १४७/४ × १/४ = १४७/१६ = ९ ३/१६.

हे ३/१६ आठ भागांच्या टेपवर सापडत नाही, ते एक सूत आणि दोन सूत यांच्या बरोबर मधे येतं. परीक्षेत आहे तसं लिहा. कापडावर मात्र दोन सुतांवर खूण करा, म्हणजे सव्वानऊ. सैल झालं तर आत घेता येतं.